देवाला आग्रह

“पण देव जेवला कधी?”

मार्तंडराव देवस्थळी आपली रोजची पूजा सांगता सांगता थांबले. ते विड्यापर्यंत पोचले होते. आता प्रदक्षिणा, नमस्कार आणि मंत्रपुष्पांजली एवढंच सांगायचं राहिलं होतं, तेवढ्यात धोंडबुवांनी हे मध्येच काढलं.

“म्हणजे?”

“तू त्याला बोलावलंस. आसन दिलंस. पाय धुतलेस, आंघोळ घातलीस, वस्त्र दिलंस, गंध लावलंस, फूल वाहिलंस. ताट पुढं ठेवलंस. सगळं ऐकलं मी… मग लगेच विडा दिलास. मधे तो जेवला कधी?”

“प्राणाय स्वाहा म्हटलं की, बुवा! सगळ्या आहुती म्हटल्या. मग जेवणाअखेरचं पाणी: उत्तरापोशन, हस्तप्रक्षालन, मुखप्रक्षालन. एक अक्षर गाळलेलं नाही.”

“ते ऐकलं.”

“मग?”

बुवांच्या मठीच्या ओट्यावर ऊन सरकत आलं होतं. त्यांनी आपलं घोंगडं सावलीत ओढून घेतलं आणि पुन्हा मांडी घातली.

मार्तंडरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तसा हा माणूस चूक ऐकून घेणाऱ्यांपैकी नव्हेच. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर सगळा गाव आपला वर्ग आहे असं धरून चालले. भर लग्नात भटजींचा उच्चार दुरुस्त करणारा असा यजमान दुसरा मिळाला नसता. गावातले भटजी त्यांना लांबून पाहिलं की मागच्या आळीने जात.

पण धोंडबुवा काशीला शिकून आलेले. त्यांच्यापुढे मान तुकवावी, एवढं एकच ठिकाण मार्तंडरावांना त्या गावात उरलं होतं.

आणि आज ते मिरवायला आले नव्हते. म्हणजे, थोडंसं तेही होतंच. पण खरं तर ते घाबरून आले होते.

“बुवा, दोष काढा. जो असेल तो काढा. प्रायश्चित्त सांगा, अनुष्ठान सांगा, मी करतो… पण आबांना जेवू दे.”

आबा म्हणजे त्यांचे वडील. घरातली पूजा म्हाताऱ्याने आयुष्यभर स्वतः केली. पाडव्याला हात थरथरला आणि बाळकृष्ण निसटून ताम्हनात पडला. आबांनी त्याला उचललं, पुसलं, कुरवाळलं आणि म्हणाले, “मार्तंडा, आता तू कर बाबा.” त्या दिवसापासून पूजा मार्तंडरावांकडे आली, आणि त्या दिवसापासून आबांचं जेवण कमी होत गेलं. आधी भात चमचाभरावर आला. मग पोळी अर्ध्यावर आली. डॉक्टरांनी सगळं तपासून “काही नाही, वय झालं” म्हणून सांगितलं. अलीकडे तर सदऱ्यात आबा शोधावे लागत.

पूजा हातात आली आणि वडील हातचे जाऊ लागले. मार्तंडरावांनी दोन्हींची गाठ घातली. आपल्या पूजेत काही खोट राहते आहे आणि तिचं फळ आबा भोगताहेत, हे त्यांच्या मनाने घेतलं. देव्हारा त्यांनी नव्याने मांडला, शंख उजवीकडचा डावीकडे नेऊन पाहिला, ग्रंथ चाळले. आबांच्या अंगावर काही मांस चढेना.

आज रविवार. पत्नी नलिनीबाईंची नोकरी अजून चालू होती, पण रविवारी त्या घरी असत. त्यांनी स्वतः गरम पोळी वाढली तरी आबांनी निम्मी खाऊन हात धुतला. ते पाहून मार्तंडरावांच्याही घशाखाली घास उतरेना. ते पानावरून तसेच उठले आणि हाकेच्या अंतरावर, घाटावरच्या या मठीत आले.

“जेवलास का?” बुवांनी विचारलं.

“माझं राहू द्या हो. दोष…”

“आधी जेव. उपाशी माणसाला दोष सांगू नये, तो अंगाला लागतो.”

बुवा आत गेले. चुलीवर पिठलं रटरटत होतं. त्यांनी पाट मांडला, केळीचं पान टाकलं, गरम भाकरी वाढली, तिच्या शेजारी पिठलं ओतलं, कडेला मिरचीचा ठेचा ठेवला. वास आला मात्र, आणि मार्तंडरावांना आपण सकाळपासून कपभर चहावर आहोत हे आठवलं.

ते पाटावर बसले. पानाभोवती पाणी फिरवलं, आचमन केलं. भाकरीचा पहिला तुकडा मोडला.

“प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा, उदानाय स्वाहा, समानाय स्वाहा, ब्रह्मणे स्वाहा,” बुवा एका दमात म्हणाले. “उत्तरापोशनं समर्पयामि. हस्तप्रक्षालनं समर्पयामि.”

आणि त्यांनी मार्तंडरावांच्या हातावर, भाकरीच्या तुकड्यासकट, तांब्याभर पाणी ओतलं.

मार्तंडराव आ वासून बघत राहिले. तोवर बुवांनी पान पुढून ओढून घेतलं होतं आणि त्यांच्या ओल्या तळहातावर सुपारी ठेवली होती.

“तृप्त झालात ना?”

“अहो बुवा! मी अजून…”

“उच्चार चुकला का माझा?”

“उच्चार कसला… मी घास तरी घेतला होता का?”

“अक्षर गाळलं का एखादं?”

मार्तंडरावांना संताप आला. मग त्या संतापाच्या तळाशी काहीतरी टोचलं. ते ओला हात तसाच धरून बसून राहिले.

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं… आणि पान पुन्हा पुढे सरकवलं. ओला तुकडा काढून टाकला, नवी भाकरी वाढली.

“आता जेव.”

मार्तंडराव जेवू लागले. बुवा समोर उकिडवे बसले. भाकरी संपायच्या आत दुसरी आली. पिठलं संपतंय न संपतंय तोच पळा भरून आला.

“पुरे, बुवा.”

“एवढंसं घे.”

“नको, खरंच नको.”

“माझ्या हातचं आवडलं नाही का?”

“तसं कसं म्हणता…”

मार्तंडरावांनी पानावर हात आडवा धरला. बुवांनी पिठलं सरळ त्या हातावर वाढलं.

चटका बसला तसा हात मागे गेला, आणि तेवढ्यात उरलेलं पिठलं पानात पडलं. मार्तंडराव हसले. हसता हसता त्यांना त्यांची आई आठवली. ती अशीच हातावर वाढायची. श्रीखंड असो नाहीतर आमटी, तिच्यापुढे हात आडवा धरून कोणाची सुटका झाली नाही. जावयांच्या मनगटांवर तिच्या आमटीचे डाग असायचे. ती गेल्यापासून त्या घरात कोणी कोणाच्या हातावर वाढलं नव्हतं.

ते पोट तट्ट होईस्तोवर जेवले. कितीतरी दिवसांत असे जेवले नव्हते. हात धुऊन ओट्यावर टेकले तेव्हा डोळ्यांवर पेंग येऊ लागली, पण ज्या कामासाठी आलो ते अजून झालंच नाही, हे त्यांच्या ध्यानात होतं.

“बुवा, प्रायश्चित्त?”

“देवाला आग्रह कर.”

“आग्रह?”

“ताट ठेवायचं आणि पाणी सोडायचं, ही काय पाहुण्याला जेवू घालायची रीत झाली? आग्रह कर.”

मार्तंडराव सावरून बसले. अनुष्ठान म्हटल्यावर त्यांना जरा हुशारी वाटली.

“मंत्र कोणता म्हणू?”

“मंत्र?”

“आग्रहाचा. असेलच काही विधान. कोणत्या शब्दांत करायचा?”

“तुझी आई कोणत्या शब्दांत करायची?”

“आणि किती वेळ करायचा?” मार्तंडरावांनी विचारलं.

“त्याचं पोट भरेपर्यंत.”

“ते मला कसं कळावं, बुवा? तो काही बोलतो थोडाच!”

बुवा घोंगड्यावर कलंडले आणि त्यांनी डोळे मिटले.

“विचारून तर बघ,” ते म्हणाले, आणि घोरू लागले.

*

दुसऱ्या दिवशी नलिनीबाई स्वयंपाक करून कामावर गेल्या. दुपारी घरात मुलगा आणि बाप असे दोघेच.

देवस्थळींचं देवघर म्हणजे स्वयंपाकघराचाच एक कोपरा, मधे छातीइतकी भिंत. भिंतीच्या अलीकडे देव, पलीकडे आबांची खुर्ची आणि लहानसं टेबल. पानं दोन्हीकडे एकदमच वाढली जात. नैवेद्य दाखवून झाला की आबा जेवायला सुरुवात करत आणि मार्तंडराव शेजारी पोथी उघडून बसत. आबांचं जेवण पोथीचं पान उलटायच्या आत संपत असे.

मार्तंडराव रेशमी सोवळं नेसून आबांना वाढायला गेले.

“भात?”

आबांनी चमचाभर वाढू दिला आणि पानावर हात आडवा धरला.

“पुरे.”

“बरं.” मार्तंडराव भिंतीअलीकडे, देवांपुढे आले. रोजचंच होतं हे.

पूजा झाली. आज घाई नव्हती, तरी जीभ सवयीने पळत होती. पाण्याने चौकोन काढला, त्यावर ताट ठेवलं, तुळशीचं पान घातलं. आहुती म्हणून झाल्या… आणि मार्तंडराव थांबले.

आता आग्रह करायचा.

समोर अंगठ्याएवढा बाळकृष्ण रांगत होता. त्याच्या शेजारी अन्नपूर्णा, शाळिग्राम, गणपती. मार्तंडरावांनी घसा खाकरला. जन्मात त्यांना इतकी लाज वाटली नव्हती. संस्कृतात कितीही मोठ्याने बोलायला हरकत नव्हती, पण हे घरातल्या भाषेत बोलायचं म्हणजे कसंसंच झालं.

“घ्या ना,” ते पुटपुटले.

बाळकृष्ण तसाच होता.

“संकोच करू नका. आपलंच घर आहे.” हे वाक्य त्यांनी नव्या व्याह्यांना म्हटलं होतं, तेच आत्ता तोंडात आलं. “भात वाढू का अजून… थोडासा?”

मार्तंडरावांनी वाट पाहिली. निरांजनातली वात वाकली होती, ती सारखी केली. पुन्हा वाट पाहिली. कान तापले होते.

“नको असेल,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि हात धुवायचं पाणी सोडायला त्यांनी पळी उचलली.

“लगेच पाणी काय देतोस?”

आवाज भिंतीपलीकडून आला. आबा खुर्चीत पुढे झुकून ऐकत होते.

“आबा?”

“पहिल्यांदा तो नकोच म्हणतो.”

“कोण?”

“कोण काय? तुझ्यापुढं बसलाय तो! एका विचारण्यात कधी हो म्हटलंय त्याने? भारी लाजाळू आहे. आपण ऐकायचं नसतं.”

“मग काय करायचं?”

“वाढायचं. म्हणायचं, बाबा, आज तुझ्यासाठी म्हणून केलंय, बघ तरी चव. नाही म्हणाला तर म्हणायचं, बरं नाही का तुला? रुसलास का? मग वाढायचं.” आबांचा आवाज चढला होता. पाडव्यानंतर एवढं ते एका दमात बोलले नव्हते. “मी तासन् तास बसायचो त्याच्याशी हुज्जत घालत. तुझी आई ओरडायची, आमटी निवली म्हणून. त्याला भरवता भरवता मलाच भूक लागायची.”

“आणि त्याने हात आडवा धरला तर?”

“तर हातावर वाढायचं! एवढं कळत नाही तुला?”

मार्तंडरावांनी उठून भिंतीवरून पाहिलं.

आबांचा उजवा हात अजून त्यांच्या पानावर आडवा होता. मघाशी धरला तो तसाच. शिरा वर आलेल्या होत्या.

… रोज धरत होते ते हा हात. आणि रोज मार्तंडराव ‘बरं’ म्हणून निघून जात होते.

संस्कृतातलं एकही अक्षर न गाळणाऱ्या माणसाला बापाचा आडवा हात इतके महिने वाचता आला नव्हता. त्यांनी पळी खाली ठेवली. भाताचं पातेलं उचललं, भिंतीला वळसा घालून गेले आणि भात सरळ आबांच्या हातावर वाढला.

“अरे, अरे!” आबांनी हात मागे घेतला. “मी देवाचं सांगतोय, माझं नाही!”

“हात काढा, आबा.”

“अरे पुरे, मला एवढा…”

“बरं नाही का तुम्हाला? रुसलात का?”

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या दात नसलेल्या तोंडावर हसू पसरलं. बोटांना लागलेली शितं त्यांनी चाटली.

“कोरडा भात कसा खाऊ मी? वरण वाढ की मग.”

मार्तंडरावांनी वरण वाढलं. आबांनी भात कालवला आणि घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला म्हणाले, “लिंबाची फोड आहे का रे?” मार्तंडरावांना इतका आनंद झाला की लिंबू चिरताना त्यांना पुढचं दिसेना. म्हाताऱ्याने मागितलं होतं. स्वतःच्या तोंडाने मागितलं होतं.

लिंबू पिळून झालं. आबा जेवत होते. मार्तंडराव डोळे पुसून हात धुवायला वळले, आणि त्यांची नजर देव्हाऱ्याकडे गेली.

पाण्याचा चौकोन सुकत आला होता. ताट तसंच होतं. उत्तरापोशन झालं नव्हतं, हस्तप्रक्षालन झालं नव्हतं. नैवेद्य अर्ध्यावर टाकून ते उठले होते, सोवळ्यात उष्ट्या पानाला शिवले होते, आणि आता या हाताने देवाला पाणी कसं द्यायचं?

त्यांची पाचावर धारण बसली.

“आबा, आलोच मी!” म्हणत ते तसेच निघाले. सोवळ्यात असताना स्वतःच्या सावलीलाही बाजूला हो म्हणणारे मार्तंडराव, त्याच रेशमी सोवळ्यात, अनवाणी, घाटाच्या उतारावरून धावत सुटले. वाटेत दोन भटजी भेटले. आजवर ते यांना पाहून मागच्या आळीने जायचे. आज मात्र दोघेही जागच्या जागी खिळून बघत राहिले.

“बुवा! बुवा!”

धोंडबुवा ओट्यावर तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली.

“बुवा, घात झाला. नैवेद्य खंडित झाला.”

“बस. काय झालं?”

मार्तंडराव बसले नाहीत. धापा टाकत, उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. आग्रह कसा केला, देव कसा बोलला नाही, आबा मधेच कसे बोलले, पातेलं कसं उचललं. हातावर भात वाढला ते सांगताना त्यांना हसू आलं, आणि लगेच धास्तीने ते पुसलंही गेलं.

“आता देव तिथं ताटावर तसाच. ना धड पाणी, ना विडा. माझं सोवळं मोडलेलं. बुवा, शास्त्रात याला काय सांगितलंय? पुन्हा आंघोळ करून पहिल्यापासून पूजा करू, की…”

“आबा जेवले?”

“जेवताहेत, बुवा! भात खाल्ला त्यांनी. वरण मागितलं, लिंबू मागितलं…”

“अजून जेवताहेत?”

“अजून! मी निघालो तेव्हा निम्मं पान व्हायचं होतं.”

बुवांनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. वरपासून खालपर्यंत मार्तंडरावांकडे पाहिलं. ओले हात, धुळीने भरलेले पाय, खांद्यावरून सुटलेलं रेशमी उपरणं…

“माणूस पानावर बसलंय तिकडं,” ते म्हणाले. “आणि वाढणारा इथं काय करतोय?”